यांना कळतं का, वन्सं?

४ फेब्रुवारी

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर तुम्ही विसरला असाल म्हणून आधीच सांगते, मी तुमची वहिनी. दचकू नका. तुमच्या दादांनी तुमच्याशी बोलणं टाकलं त्या दिवसापासून मीही टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण या घरात विचारण्याची पद्धत नाही हे तुम्ही इथेच वाढलात म्हणून तुम्हाला ठाऊक आहे.

कळवायचं ते असं, की हे गेले दोन महिने अंथरुणाला खिळले आहेत. मेंदू खाली मानेला जुळतो त्या देठात, पुढच्या बाजूला, रक्ताची गुठळी अडकली. हात हलत नाही, पाय हलत नाही, जीभ हलत नाही. नाकातल्या नळीतून पातळ अन्न घालते. डोळे तेवढे उघडे असतात. परवा दवाखान्याने घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, "यांना काही कळत नाही. तुम्ही फक्त स्वच्छ ठेवा."

कसं झालं तेही माझ्याच तोंडून ऐका, नाहीतर नातेवाईक तिखटमीठ लावून सांगतील. त्या दुपारी हे खुर्चीत बसले होते आणि मी गिऱ्हाइकांसाठी शिवलेल्या शाळेच्या गणवेशांना इस्त्री करत होते. विचारलं, "चहा टाकू का?" उत्तर नाही. मनात म्हटलं, झालं सुरू! आदल्या दिवशी यांच्या कोर्टात जायच्या कोटाची बाही माझ्या हातून जरा आखूड झाली होती, तेव्हा अबोला येणारच होता. तुम्हाला आठवतो ना यांचा अबोला? समोर बसायचं, डोळे उघडे ठेवायचे, बायकोने बोलावं, रडावं, पाया पडावं, पण हे ढिम्म. एकदा तर सबंध उन्हाळा त्यांनी असा काढला, आणि माझं काय चुकलं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणून मी इस्त्री करत राहिले. गणवेश संपले तसे पडदे उतरवले, तेही केले. मला काही फरक पडत नाही हे दाखवायला मुद्दाम गुणगुणलेसुद्धा. दिवेलागणीला यांच्या तोंडातून लाळ गळून शर्ट भिजलेला दिसला, तेव्हा लक्षात आलं की हा नेहमीचा अबोला नाही.

डॉक्टर म्हणाले, "बाई, दुपारीच आणायला हवं होतं. समोर माणूस पडलाय आणि तुम्हाला कळलं नाही?" मी म्हटलं, "तुम्ही यांच्याशी संसार केलेला नाही."

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणे आयुष्यभर प्रयोगशाळेत बसून जळवांच्या मज्जातंतूंत सुया खुपसता. मग मला साध्या भाषेत सांगा. यांना कळतं का, वन्सं?

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

दादा आजारी आहे हे वाचून मला काय वाटलं ते विचारू नका. मी पत्र खाली ठेवलं, जळवांचं पाणी बदललं, मग पुन्हा वाचलं. कोटाची बाही आखूड केलीत याबद्दल अभिनंदन. ते काम कुणीतरी आधीच करायला हवं होतं.

तुमचा प्रश्न चांगला आहे आणि चांगले प्रश्न माझ्या वाट्याला फारसे येत नाहीत, त्यामुळे उत्तर लांबणार. कंटाळा आला तर गुणगुणा.

आपण मज्जातंतू म्हणतो तो नुसता दोरा नसतो. तो असतो चेतापेशींच्या शेपट्यांचा जुडगा. एक चेतापेशी म्हणजे इवलंसं अंग, त्याला चहूकडे फुटलेल्या बारीक फांद्या आणि एक लांब शेपटी. फांद्यांनी ती ऐकते, शेपटीने बोलते. शेपटीच्या लांबीला धरबंध नाही. तुमच्या पायाचा अंगठा हलवणारी पेशी कंबरेच्या जरा वर, मणक्यांच्या आत बसलेली असते आणि तिची शेपटी थेट तळपायापर्यंत जाते.

बोलते म्हणजे काय करते? पेशीच्या बाहेर खारं पाणी असतं. आत ते मीठ फार थोडं, कारण आत आलेलं मीठ बाहेर फेकण्यात ती अहोरात्र खपत असते. कुणी पुरेसं डिवचलं, की तिच्या भिंतीतली दारं उघडतात आणि मीठ आत घुसतं. त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची, आणि ही लाट शेपटीच्या टोकापर्यंत धावत जाते. ती धावते किंवा धावत नाही. अर्धवट धावणं तिला जमत नाही. ओरडायचं असेल तर आवाज वाढवत नाही, तेच तेच पुन्हा पुन्हा बोलते. टोकाशी पोचल्यावर मात्र वाट संपते, कारण पेशी सहसा एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये फट असते. त्या फटीत ती एका रसायनाचे थेंब सोडते, पलीकडची पेशी ते टिपते आणि आपण बोलायचं की नाही ते ठरवते. कितीतरी पेशींचं काम तर पुढच्यांना गप्प बसवणं एवढंच असतं. आपल्या घराण्यात त्यांची भरती जास्त झाली असावी.

आता दादा. काही पेशी बाहेरची बातमी आत आणतात: डोळ्यांची, कानांची, कातडीची. काही आतला हुकूम बाहेर नेतात. दोघींच्या वाटा वेगळ्या आहेत. मेंदूच्या देठात हुकमाची वाट पुढून उतरते आणि बातमीची वाट तिच्या मागून चढते. तुम्ही लिहिता, गुठळी पुढे होती. तसं असेल तर फक्त हुकूम तुटला. मागची बातमी आणि वरचा विचार शाबूत असू शकतो. म्हणजे तो ऐकत असेल, बघत असेल, त्याला सगळं समजत असेल, आणि बोट हलवायची सोय नसेल. डॉक्टरसुद्धा अशा वेळी फसतात.

खात्री करायची सोपी रीत सांगते. डोळे डावी-उजवीकडे फिरवणाऱ्या पेशी त्याच देठात, गुठळीच्या तडाख्यात असतात. पण वर-खाली करणाऱ्या आणि पापणी उचलणाऱ्या त्याहून वर बसतात, त्या बहुधा वाचतात. समोर उभ्या राहा आणि म्हणा, "ऐकू येत असेल तर वर बघा." त्याने वर पाहिलं तर तो आत जागा आहे. मला लगेच कळवा.

तुमची नणंद


३ मार्च

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. लग्नसराईच्या आधी शिवणाची गिऱ्हाइकं डोकं खातात.

तुम्ही सांगितलंत तसं करून पाहिलं. काही नाही. डॉक्टर म्हणतात तेच खरं असणार.

तरी तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. छान लिहिता हो. मला वाटायचं शिकलेल्या बायकांना सोपं बोलता येत नाही. आता अजून थोडं विचारते, नुसती माहिती म्हणून. समजा एखाद्याला कळत असेल, तर त्याला खाजसुद्धा कळते का? नाकाच्या शेंड्याला खाज सुटली आणि खाजवता आलं नाही, तर ती थोड्या वेळाने आपोआप जाते की वाढते? पुढच्या खोलीत मशीन चालू असलं, मी गिऱ्हाइकांशी हसत बोलत असले, तर शब्द न् शब्द पोचतो का? आणि एखादी पेशी सारखी बोलत राहिली, पलीकडून कुणीच उत्तर दिलं नाही, तर ती शेवटी मरते का?

जळवा काय म्हणतात?

वहिनी


१० मार्च

वहिनी,

खाज कळते. खाजेची बातमी आणणाऱ्या पेशी वेगळ्या, बारीक आणि संथ असतात, पण चिवट. खाजवल्याने नखांची बातमी जाते आणि ती खाजेच्या बातमीला मणक्यातच गप्प बसवते. खाजवता आलं नाही, तर जाईल तेव्हा जाईल. अंगावरच्या कपड्याचा स्पर्श आपण विसरतो, कारण स्पर्शाच्या पेशी त्याच त्याच बातमीला कंटाळतात. दुखण्याच्या पेशी तशा कंटाळत नाहीत, उलट जास्तच हळव्या होतात. ऐकू सगळं येतं.

आणि जिचं कुणी ऐकत नाही ती पेशी. आईच्या पोटात असताना जिला पलीकडे कुणी जोडीदार मिळत नाही ती मरते. गर्भात अशा पेशी ढिगाने मरतात. मोठेपणी मात्र ती सहजासहजी मरत नाही. ती बोलत राहते. पंचाईत तीच आहे.

आता मी विचारते. ज्याला काहीच कळत नाही त्याच्या नाकाच्या शेंड्याची एवढी चौकशी कशाला? मी जळवांबरोबर राहते, पण माणसं अगदीच विसरलेले नाही. वहिनी, त्याने वर पाहिलं ना?

तुमची नणंद


२२ मार्च

वन्सं,

पाहिलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पाहिलं. "ऐकू येत असेल तर" एवढंच म्हटलं होतं, तर डोळे असे वर गेले की पांढरं तेवढं दिसत राहिलं. मग खाली आले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वर. पुन्हा वर. माणूस आतून दार ठोठावतो तसे.

मी खोलीबाहेर आले, दार ओढून घेतलं आणि मशीनवर जाऊन बसले. तुम्हाला वाटेल मला रडू आलं असेल. नाही आलं. मला हसू आलं. मशीनवर कपाळ टेकून मी किती वेळ हसत होते, माझं मलाच भय वाटलं.

त्या दिवसापासून मी अबोला धरलाय.

काळजी करू नका, त्यांना मी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. पाठीला एक व्रण नाही. वेळच्या वेळी कूस बदलते, पावडर लावते, दाढी करते, कानामागचं सुद्धा पुसते. बघायला येणारे म्हणतात, अशी सेवा कुणी करणार नाही. खरंच आहे, कुणी करणार नाही. फक्त मी बोलत नाही आणि डोळ्यांत बघत नाही. ते वर बघतात तेव्हा मी पडद्याची शिवण बघते. डोळ्यांतून पाणी आलं तर स्वच्छ रुमालाने टिपते आणि रुमाल धुवायला टाकते. पुढच्या खोलीत मात्र भरपूर बोलते. गिऱ्हाइकांना बसवून घेते, चहा पाजते, चहाटळ गोष्टी सांगते. दार उघडं ठेवते. इतकी वर्षं या घरात माझं एक वाक्य धड पुरं होत नसे, आता मी वाक्यामागून वाक्य पुरं करते आणि ते ऐकतात.

माझं काय चुकलं असेल असं रात्रंदिवस शोधत मी जी वर्षं काढली, ती आता ते काढत असतील. कशाबद्दल ही गप्प आहे? बाहीबद्दल? त्या उन्हाळ्याबद्दल? शोधू देत. मला बरं वाटतं, वन्सं. फार बरं वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं. मी जळवा कापते, पण आधी त्यांना गारठवून बधिर करते. तुम्ही जे चालवलंय त्याला मला शब्द सापडत नाही, आणि त्याचे धडे मीच तुम्हाला पाठवले याची शिसारी येते. दादा कसा होता ते मला सांगू नका. मी त्याची बहीण आहे. नोकरीसाठी घर सोडलं म्हणून त्याने मला टाकलं, माझी पत्रं न फोडता परत केली, समोर आले तर रस्ता ओलांडून गेला. तरी माणसाला जिवंत पुरत नाहीत.

मी येते आहे. येताना एक तक्ता आणते, मीच बनवलाय. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत एका ओळीत क ख ग घ, खालच्या ओळीत च छ ज झ, अशी सगळी वर्णमाला, शेवटी काना-मात्रा. त्याला डोळे फक्त वर-खाली करता येतात, म्हणून ओळ तो स्वतः निवडू शकतो. ओळीतलं अक्षर निवडायला मात्र दुसऱ्या माणसाचं बोट लागतं. बोट सरकवत न्यायचं, हव्या त्या अक्षरावर तो पापणी मिटेल. वेळ लागतो, पण अख्खी वाक्यं होतात.

आणखी एक. इथून जवळच असं रुग्णालय आहे जिथे अशा माणसांना बोलायला शिकवतात, सांभाळतातही. मी त्यांच्याशी बोलले आहे. तुम्हाला तो नको असेल तर मी घेऊन जाईन.

खरं सांगू? मला त्याच्याकडून एक वाक्य हवं आहे. शिवी असली तरी चालेल. आता तो मान फिरवू शकत नाही, रस्ता ओलांडू शकत नाही. आता त्याला माझ्याशी बोलावंच लागेल.

तुमची नणंद


२१ एप्रिल

वहिनी,

निघताना तुमचा निरोप घेतला नाही, कारण तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याचा भरवसा नव्हता. तुम्ही मशीनवर होतात, आत काय घडलं ते तुम्हाला माहीत नाही. सांगते.

मी त्याच्या समोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "दादा, मी आले. मला माहीत आहे तू जागा आहेस." त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, वहिनी. बुबुळ हललं नाही तरी ओळख कळते. मी तक्ता धरला, समजावून सांगितलं. एकदाच, कारण तो हुशार आहे. मग म्हटलं, "काय हवं ते बोल."

त्याने डोळे मिटले.

मला वाटलं दमला असेल. थांबले. पुन्हा बोलले. डोळे मिटलेले. दुपार गेली, डोळे मिटलेले. झोपलेल्या माणसाच्या पापण्या सैल असतात, याच्या घट्ट होत्या. मग तुम्ही घंगाळ घेऊन कूस बदलायला आलात. तुमची चाहूल लागताच पापण्या उघडल्या आणि डोळे वर गेले, पुन्हा वर, पुन्हा वर, तुमच्याकडे. तुम्ही पडद्याकडे बघत होतात. तुम्ही गेलात आणि माझ्या तोंडावर त्या पुन्हा मिटल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मी ओरडले, रडले, त्याच्या पलंगावर डोकं ठेवलं. तुम्ही मशीन थांबवलं नाहीत, म्हणजे ऐकू आलं नसावं. किंवा आलं असावं.

त्याच्या सबंध देहात एक पापणी हुकमात उरली आहे आणि ती त्याने माझ्यावर वापरली. पेशी ठणठणीत आहेत, वहिनी. लाट धावायला तयार आहे. त्याला माझ्याशी बोलायचं नाही, एवढंच.

तुम्हाला जे माहीत नाही ते आता लिहिते. मी एकटी आले नव्हते. रुग्णवाहिका खाली कोपऱ्यावर उभी होती, रुग्णालयात खाट राखून ठेवली होती. हे मी त्याला सांगितलं नाही. मनाशी ठरवलं होतं, आधी त्याने माझ्याशी एक शब्द बोलावा, मग सांगेन. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेले आणि गाडी परत पाठवली.

तक्ता टेबलावर ठेवून आले आहे. तो बोलेल तर तुमच्याशीच बोलेल. बोट फिरवायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी तुम्हाला आता काही म्हणणार नाही, तो हक्क मी कोपऱ्यावर सोडून आले. इकडे पत्र पाठवू नका.

तुमची नणंद


९ मे

वन्सं,

नको म्हटलंत तरी लिहिते. हे शेवटचं.

तुमचं रडणं ऐकू आलं होतं. मशीन मी मुद्दाम थांबवलं नाही. थांबवलं असतं तर मला आत यावं लागलं असतं, आणि आत येऊन मी कुणाची समजूत घालणार होते?

तुमचं पत्र वाचल्यावर तक्ता मी पुष्कळ दिवस कपाटामागे ठेवला होता. अक्षरं सुरेख काढली आहेत तुम्ही. खोटं कशाला बोलू, एकदा बोट ठेवून पाहावं असं मला रोज वाटायचं. यांना माझ्याशीच बोलायचंय, हे तुम्ही लिहिलंत ना, ते वाचून मी आत जाऊन यांच्या पायथ्याशी बसले सुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसलाय. काय सांगायचं असेल? माफी मागायची असेल की बाहीबद्दल बोलायचं असेल? मग मनात आलं, काहीही असलं तरी एकदा कळलं की संपलं. माझ्या त्या उन्हाळ्यात मला कुणी कळू दिलं नव्हतं.

काल मात्र अबोला मोडला. एका वाक्यापुरता. पलंगाच्या कडेला बसले, डोळ्यांत डोळे घातले. केवढे हरखले ते! डोळे लगबगीने वर. मी सांगितलं, "वन्सं आल्या होत्या ना, त्या तुम्हाला न्यायला आल्या होत्या. खाली गाडी उभी होती, खाट राखली होती, तिथे बोलायला शिकवतात. तुम्ही डोळे मिटून घेतलेत म्हणून ती परत गेली."

एवढं बोलले आणि उठले.

मग स्टूल घेतलं आणि तुमचा तक्ता त्यांच्या डोक्यावर छताला चिकटवला, अगदी नजरेसमोर येईल असा. ओळी स्पष्ट दिसतात. कालपासून डोळे सारखे वर-खाली होताहेत, एका ओळीशी थांबतात, वाट बघतात, पुन्हा पहिल्या ओळीवर जातात. पाणी फार आलं तर पुसते, नाहीतर अक्षरं पुसट दिसतील. मी हल्ली काम घेऊन आतच बसते. शाळेचे शर्ट आहेत, काजं करायची राहिली आहेत. डोळे कुठल्या ओळीवर थांबतात ते मी बघत नाही.

वहिनी